चौऱ्याहत्तर ठोके

तांगेरांग, ७ जुलै

प्रिय बुलिक,

पाक गिमिनच्या बसमधून ही पिशवी पाठवते आहे. साबण, खोबरेल तेल आणि खारी बिस्किटं वर आहेत. तळाशी छोटा डबा आहे, तो मात्र आधी उघड. काळ्या पट्ट्याचं घड्याळ आहे. ते नुसती वेळ सांगत नाही. दिवसाला किती पावलं चाललीस आणि हृदय मिनिटाला किती ठोके देतं, हेही सांगतं. सेलमध्ये मिळालं, तेव्हा महाग आहे म्हणून कपाटात ठेवून देऊ नकोस.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू "हो हो" म्हणतेस आणि ठेवून देतेस. म्हणून लेखी.

जूनमध्ये तू मशिदीच्या गल्लीत चक्कर येऊन पडलीस. "ऊन होतं" हे तुझं उत्तर मी ऐकलं, पण सकाळी आठला कसलं गं ऊन? एकसष्टाव्या वर्षी पाठीवर जामूच्या काढ्याच्या आठ बाटल्यांची टोपली आणि हातात पाण्याची बादली. आई गेल्यावर तू, तिची धाकटी बहीण, याच टोपलीवर मला वाढवलंस, म्हणून या टोपलीला मी वाईट बोलत नाही. पण आपलं ठरलंय ते पुन्हा लिहिते. तीन महिने घड्याळ घालायचं. ठोके साठ ते शंभरच्या आसपास राहिले, तर मी तोंड उघडणार नाही. नाही राहिले, तर टोपली खाली ठेवायची आणि इकडे माझ्याकडे राहायला यायचं. तू "कबूल" म्हणाली आहेस. शेजारच्या बू हर्तिनी साक्षीला होत्या.

तुझी,
विनार्सिह

सोलो, १५ जुलै

विन,

सलाम. पिशवी मिळाली. बिस्किटं अर्धी चुरा झाली होती. गिमिन म्हणतो, "रस्ता खराब." मी म्हटलं, "तू त्यांच्यावर बसला असशील."

घड्याळ घातलंय. डाव्या हातात. बू हर्तिनींनी ते आपल्या फोनला जोडून दिलं. शाळा सोडून दहा वर्षं झाली तरी बाई अजून मास्तरीणच. "वागियेम, हात सरळ धर. वागियेम, हलू नकोस." अख्ख्या गल्लीनं घड्याळ बघितलं. माझ्याकडे रोज उधारीवर हळद-चिंचेचं जामू पिणारा रिक्षावाला म्हणाला, "आता तर तुम्ही मंत्रीण झालात!" मी त्याला त्या दिवशी जास्त आलं घातलं.

तुला आकडे हवेत ना? घे. सोमवारी ठोके चौऱ्याहत्तर. मंगळवारी शहात्तर. बुधवारी पुन्हा चौऱ्याहत्तर. बू हर्तिनी म्हणतात, अठरा वर्षांच्या पोरीसारखी नाडी आहे. पावलं एका दिवशी एकोणीसशे, एका दिवशी एकवीसशे. ती कमी की जास्त, मला ठाऊक नाही. तूच बघ.

ऊन होतं. आठलासुद्धा असतं.

वागियेम

तांगेरांग, २१ जुलै

प्रिय बुलिक,

ठोके वाचून जीव भांड्यात पडला. चौऱ्याहत्तर! माझे स्वतःचे नव्वद असतात, तेही कारखान्यात बुटांचे तळवे मोजत नुसती उभी असते तेव्हा.

पण पावलं? एकोणीसशे? बुलिक, मी लहानपणी तुझ्या मागे तो फेरा चालले आहे. बाजार, मशीद, रेल्वेचे रूळ ओलांडून पलीकडची वस्ती, आणि परत. एकोणीसशे पावलांत तू फार तर बाजारापर्यंत पोचतेस. खरं सांग. तू पलीकडच्या वस्तीत जातच नाहीस ना? दम लागतो म्हणून बू हर्तिनींच्या ओट्यावर बसून राहतेस आणि मला "सगळं ठीक" लिहितेस?

मी रागावलेली नाही. होत नसेल तर होत नाही म्हण. त्यात लाज कसली? माझी खोली लहान आहे, पण खिडकीखाली तुझी चटई मावते, मी अंथरून बघितली.

विनार्सिह

सोलो, ३० जुलै

विनार्सिह,

मी ओट्यावर बसते? मी? बेचाळीस वर्षांत एक दिवस फेरा अर्धा टाकला असेल तर तो तुझ्या आईला माती दिली त्या दिवशी. तुझं पत्र वाचलं आणि दुसऱ्याच सकाळी मोजायला लागले.

आता नीट वाच. मी शिकलेली नाही, पण मोजता येतं. जामूसाठी चिंच कोळते, तेव्हा चिंचोके उरतात. त्यातले शंभर धुऊन, वाळवून डाव्या मुठीत आणि कमरेच्या पिशवीत घेतले. शंभर पावलं झाली की एक चिंचोका पोलक्यात टाकायचा. गिऱ्हाईक बोलायला लागलं की "थांबा, सत्तेचाळीस" म्हणून उभी राहायचे. लोकांना वाटलं म्हातारीला लागलं वेड. घरी येऊन पोलकं झटकलं तर शहाऐंशी चिंचोके पडले! म्हणजे आठ हजार सहाशे पावलं. तुझं घड्याळ काय म्हणालं? एकोणीसशे बारा.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले. चौऱ्याऐंशी चिंचोके. घड्याळ, सतराशे.

मग मी विचार केला, मेल्याला होतंय काय? एरवी घड्याळ फेऱ्याला निघताना घालते, तिसऱ्या दिवशी पहाटेच घातलं आणि चौरंगावर बसून हळद कुटायच्या आधी बघितलं. शून्य. दोन्ही हातांनी मुसळ धरून दोन शेर हळद आणि कचोरा कुटला आणि पुन्हा बघितलं. चार हजार तीनशे! जागची हलले नव्हते. तेव्हा डोक्यात उजेड पडला. याला पाय दिसतच नाहीत. हे हात हलला की पाऊल धरतं. आणि माझा डावा हात तर फेरा सुरू झाल्यापासून संपेपर्यंत छातीवर, टोपली बांधलेल्या झोळीच्या गाठीवर. उजव्या हातात बादली. बाटल्या आपटू नयेत म्हणून मी हात हलू देत नाही, हीच तर या धंद्यातली विद्या.

शहरात बसून घड्याळ बनवणाऱ्याला टोपली काय माहीत! पण तुला माहीत होती. तू त्या टोपलीमागे चालली आहेस.

वागियेम

तांगेरांग, ६ ऑगस्ट

बुलिक,

माफ कर. पत्र वाचून आधी लाज वाटली, मग हसले, मग जेवणाच्या सुट्टीत टेबलावरच्या सगळ्या बायकांना वाचून दाखवलं. आमच्या लाइनवर दर्जा तपासायला एक इंजिनीअर आहे. तो म्हणाला, "तुमच्या मावशींना इकडे नोकरीला आणा. आमच्याकडे माणसं यंत्र चुकलं की यंत्रालाच विचारतात, का चुकलं." बुलिक, पोलक्यात चिंचोके टाकत आठ हजार सहाशे पावलं चालणारी आणि वर तीन दिवस पडताळा घेणारी बाई माझी आहे, हे मी दिवसभर मिरवत होते.

चूक माझी. स्वस्त ते घेतलं. या खेपेला ओव्हरटाइम केला आणि चांगलं घड्याळ आणलं आहे. इंजिनीअरनं निवडून दिलं. ते कमरेच्या पट्ट्यालाही लावता येतं, तिथे पावलं बरोबर धरतं, आणि मनगटावर लावलं की ठोकेसुद्धा खरे मोजतं. सकाळी फेऱ्याला कमरेला, घरी आल्यावर मनगटाला. जुनं गिमिनकडे परत दे. आजपासून नवंच घालायचं.

तुझी,
विनार्सिह

सोलो, १३ ऑगस्ट

विन,

नवं घड्याळ परत पाठवते आहे. डबा उघडलेला नाही, दुकानदार घेईल.

जुनं चांगलं आहे. पावलांत चुकतं ते मला कळलंय, मी चिंचोक्यांनी मोजेन. ठोके ठीक दाखवतं. आज चौऱ्याहत्तर.

१७ तारखेच्या स्वातंत्र्यदिनाच्या झेंड्यासाठी गल्ली रंगवताहेत, धांदल आहे. जास्त लिहीत नाही.

वागियेम

तांगेरांग, २० ऑगस्ट

बुलिक गं,

किती चिक्कूपणा करशील? गिमिननं डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "तुमच्या मावशी म्हणाल्या, हे पोरीच्या घामाचं आहे, मला नको." तू बारा वर्षं एकच छत्री वापरतेस, हे मला माहीत आहे. चपलेचा अंगठा सायकलच्या ट्यूबनं शिवतेस, तेही माहीत आहे. पण पैसे गेलेत ते गेलेत. दुकानदार काही परत घेत नाही. (विचारलंच नाही मी. विचारणारही नाही.)

एवढी का अडतेस? जुन्याशी तुझं काय नातं जडलंय? डबा पुन्हा पाठवते आहे. या वेळी मीच फोडलाय, म्हणजे परत करायची सोयच नको. घाल. माझ्यासाठी घाल.

विनार्सिह

सोलो, २ सप्टेंबर

विन,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. बू हर्तिनी समोर बसल्या आहेत आणि म्हणतात, पूर्ण लिहिल्याशिवाय उठायचं नाही.

तुला वाटलं, मी पैशांचा विचार करते. वाटू दिलं. खरं असं आहे. जुलैत, चिंचोक्यांचं कळल्यावर, मला वाटलं, जे पावलांत खोटं बोलतं ते ठोक्यांतही बोलत असेल. मग मी ते हातातून काढलं आणि हळद-चिंचेच्या बाटलीला बांधलं. भरलेल्या बाटलीला. थोडा वेळ हिरवा दिवा लुकलुकला आणि आकडा आला. चौऱ्याहत्तर.

मी हसले, मग घड्याळ पुन्हा हातात बांधलं. बाटलीची नाडी चौऱ्याहत्तर, आणि माझीही चौऱ्याहत्तर. तुला पावलांचं सगळं लिहिलं, बाटलीचं लिहिलं नाही. कारण ते खोटं माझ्या सोयीचं होतं. घड्याळ चौऱ्याहत्तर म्हणत राहिलं की तू गप्प आणि माझी टोपली माझ्या पाठीवर. मला आतून ठाऊक होतं गं. जूनपासून तीनदा डोळ्यांपुढे काळं आलं. भिंतीला टेकून उभी राहिले आणि गिऱ्हाइकांना म्हटलं, "चपलेत खडा गेलाय." नवं घड्याळ नको होतं ते याचसाठी. ते खरं बोलेल याची मला भीती वाटली.

तुझं ते "माझ्यासाठी घाल" वाचलं आणि घातलं. अडतीस. पुन्हा बघितलं, छत्तीस. बाटलीला बांधलं, तर त्यानं नुसत्या दोन आडव्या रेघा दाखवल्या. मला ते घड्याळ तिथेच आवडलं. जे नाही ते नाही म्हणतं.

दुसऱ्या दिवशी टोपली न घेता सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या बाईंनी छातीला तारा लावून कागद काढला आणि म्हणाल्या, "इबू, तुम्ही इथवर चालत आलात?" मंगळवारी मोठ्या इस्पितळात बोलावलंय. छातीत छोटं यंत्र बसवायचं म्हणतात. विम्याचं कार्ड आहे, त्याची काळजी करू नकोस.

मी शब्द दिला होता. हरले. यंत्र बसलं की तुझ्याकडे येईन. खिडकीखाली चटई घाल.

मला माफ कर. तुझ्याशी मी आजवर कधी खोटं बोलले नव्हते.

वागियेम

तांगेरांग, १८ सप्टेंबर

माझी बुलिक,

तुझ्यापाशी आठ दिवस राहून आले, तरी पत्र लिहिते आहे, कारण इस्पितळात तू मला बोलूच दिलं नाहीस. "भात खाल्लास का", "केस विंचर", "त्या नर्सला बिस्किट दे". आता ऐक.

तुझं ते पत्र मी मशीन बंद करून, कारखान्याच्या पायरीवर बसून वाचलं आणि तशीच बसस्थानकावर गेले. वाटेत एकच विचार येत होता. तू ते लिहिलं नसतंस, तर एक दिवस भिंतीला टेकून खाली बसली असतीस आणि पुन्हा उठली नसतीस. आणि ते जुनं घड्याळ तेव्हाही तुझ्या हातावर चौऱ्याहत्तर दाखवत राहिलं असतं.

खोटं बोलल्याबद्दल माफी मागतेस? बुलिक, स्वतःच्या सोयीचं खोटं हातात आयतं असताना ते उलगडून दुसऱ्यापुढे ठेवायला किती छाती लागते, हे मला कळतं. मी बुटांच्या एका चुकलेल्या जोडाचा ठपका दुसऱ्या लाइनवर ढकलला होता, मागच्या वर्षी. अजून कोणाला सांगितलं नव्हतं. तुझं पत्र वाचलं होतं, म्हणून परत आल्याबरोबर जाऊन सांगितलं.

आणि त्या डॉक्टरांशी तू जी हुज्जत घातलीस! ते म्हणाले, "यंत्र डाव्या खांद्याखाली बसवतो." तू म्हणालीस, "उजवीकडे बसवा." ते म्हणाले, "आम्ही सगळ्यांना डावीकडेच बसवतो." आणि तू अंगात इस्पितळाचा ढगळ झगा, पाय पलंगावरून लोंबकळताहेत, म्हणालीस, "डॉक्टर, झोळीचा पट्टा माझ्या डाव्या खांद्यावरून जातो. बेचाळीस वर्षं. तुम्ही तुमची सवय बदला, माझा खांदा आता नवं शिकणार नाही." मला वाटलं, आता हाकलतात. ते खाली वाकले, तुझ्या डाव्या खांद्यावरचा तो कातडीचा घट्टा बोटानं चाचपला आणि नर्सला म्हणाले, "उजवी बाजू तयार करा." मी भिंतीकडे तोंड करून रडले. तू म्हणालीस, "हिला सर्दी झालीय."

म्हणजे माझ्याकडे येईन असा शब्द देऊनही तू टोपलीसाठी खांदा राखून ठेवलास. लबाड!

आता माझं ऐक. मी इतकी वर्षं समजत होते, तू तिकडे एकटी आहेस. मग मी त्या वॉर्डाच्या दारात उभी राहिले आणि माणसं मोजली. बू हर्तिनी, रिक्षावाला, रुळापलीकडच्या वस्तीतल्या चार बायका, मशिदीचे झाडूवाले, तुझं जामू पिणारी एक नवी बाळंतीण पोराला कडेवर घेऊन. पहिल्याच दिवशी अकरा जणं. नर्स म्हणाली, "एवढे नातेवाईक एकदम नकोत." कोणी म्हणालं नाही की आम्ही नातेवाईक नाही.

इथे माझ्या खोलीच्या शेजारी कोण राहतं, मला नाव ठाऊक नाही. चटईची जागा मी मोजली होती ती तुझ्या काळजीनं नाही, बुलिक. मला घरी आल्यावर कोणीतरी हवं होतं. तुझ्या ठोक्यांच्या आडून मी माझंच मागत होते. तेव्हा तो करार मी मोडते आहे. तू हरली नाहीस. येऊ नकोस.

डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे वजन उचलायचं नाही, चालायला हरकत नाही. हे आठ दिवस बिनपगारी धरले, त्यामुळे माझी वर्षाची बारा दिवसांची रजा शिल्लक आहे. ते बारा दिवस टोपली मी घेते. तू पुढे मोकळी चाल आणि मला शिकव. त्यानंतरचं त्यानंतर. जमेल का?

तुझी,
विन

सोलो, २५ सप्टेंबर

विन,

ये.

येताना अंगात घालायला केबाया आण आणि नेसायला बाटिक आण. पँट घालून आलीस तर तुझ्या हातचं कोणी पिणार नाही. बाटल्या चारच घेऊ, आठ तुला झेपायच्या नाहीत, हात हलवतेस तू. बू हर्तिनींना साखर कमी, त्यांना माझ्यादेखत जास्त घालायची नाही, कितीही डोळे मिचकावले तरी. बाळंतिणीला कडू आधी आणि गोड मागाहून.

नवं घड्याळ बासष्ट सांगतं. मी रोज उठल्यावर बघते आणि विश्वास ठेवते.

त्या चुकलेल्या जोडाचं सांगितलंस, बरं केलंस. तुझी आई अशीच होती.

काल पहिल्यांदा हात मोकळे ठेवून रुळांपर्यंत जाऊन आले. पाठीवर काही नाही तरी वाकूनच चालत होते. मध्ये दोनदा थांबले. या वेळी चपलेत खडा गेला म्हणून सांगितलं नाही. दमले म्हणून सांगितलं. एकीनं स्टूल आणून दिलं.

"तू पुढे मोकळी चाल" असं लिहिलंस. नको. टोपली पुढे असते, तोच रिवाज आहे. तू पुढे, मी मागे. फक्त हळू चाल गं, मला गाठता आलं पाहिजे.

तुझी बुलिक